तांब्याच्या खोलीची शिवण

पद्दूला जाऊन आज अकरा दिवस झाले. पद्मनाभ त्याचं नाव, माझा धाकटा भाऊ, चव्वेचाळीस वर्षांचा. तेराव्याला लोक बोलतील, शांत होता, हातात कला होती, बापाचं सगळं केलं. ते खरंच आहे. पण मला जे सांगायचंय ते चारचौघांत तोंडातून निघणार नाही. म्हणून काव्याच्या दुकानात येऊन बसलेय. काव्या माझी मुलगी, लग्नपत्रिकांच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसते. रविवारी दुकान बंद. ती म्हणाली, आई, तू बोलतेस तसंच दाबत जा, चुका मी बघते. माझी शाळा चौथीपर्यंत, तीपण कन्नड. मराठी अक्षरं बाबांनी पोथीवरून शिकवली.

आम्ही चामराजपेटचे शिंपी. बाबा, म्हणजे सुब्बाराव, त्यांचं मार्केटच्या बाजूला छोटं दुकान होतं. कोट शिवायचे. एका बाहीची शिवण तीन वेळा उसवून परत घालायचे, गिऱ्हाईक ओरडायचं. पद्दू त्यांच्याच हाताखाली शिकला. मग रेडिमेड आलं, दुकान गेलं, आई गेली, आणि बाबांचं डोकं फिरत गेलं. नसलेलं दुकान उघडायला सकाळी निघायचे. एकदा बसस्टँडवर सापडले, एकदा पार जयनगरला. म्हणून पद्दू कामावर जाताना बाहेरून कुलूप लावून जायचा. खोलीत मडकं, लोटा, गादी. दुपारी शेजारच्या सुनंदाबाई खिडकीच्या गजांतून ताट द्यायच्या. कुलपाच्या दोन किल्ल्या. एक पद्दूच्या खिशात, दुसरी माझ्याकडे, के. आर. पुरमला. मी तिथं दिलेली. यजमान रेल्वेत.

पद्दूनं लग्न केलं नाही. कोण देणार मुलगी, म्हणायचा, तिला पण आत घालून कुलूप लावू काय?

पीण्या नावाच्या भागात एक कारखाना होता, तिथं तो रोजंदारीवर लागला. कारखाना रेडिओ-वायरलेसची यंत्रं करायचा आणि तिथं एक तांब्याची खोली बांधत होते. जुनं दगडी गोडाऊन, त्याला आतून सगळीकडून, भिंती, छत, जमीन, तांब्याची बारीक जाळी. बाहेरच्या रेडिओची लाट आत येता कामा नये, आतली बाहेर जाता कामा नये, मग त्यात यंत्र ठेवून तपासायचं. जाळीचे तुकडे जोडणारे लोक आले, जोडून गेले, पण लाट कुठून तरी आत यायचीच. तेव्हा तिथल्या इंजिनियर भार्गवी मॅडम म्हणाल्या, हे काम वेल्डरचं नाही, शिंप्याचं आहे. कुणीतरी पद्दूचं नाव सांगितलं. हा बाबांची कात्री गळ्यात अडकवून गेला.

भार्गवी मॅडम पुण्याच्या, नव्या आलेल्या, वयानं पद्दूपेक्षा खूप लहान. पहिल्याच दिवशी विचारलं म्हणे, "तुम्हाला मराठी येतं?"

"येतं म्हणजे? घरात तेच बोलतो."

"मग आत्ता 'स्वल्प सरका' काय म्हणालात?"

"'जरा सरका' म्हटलं तर इथं कोण सरकतंय, मॅडम?"

त्या इतक्या हसल्या म्हणे, की त्या दिवसापासून पद्दूला मास्तर म्हणायला लागल्या. पद्दूला आयुष्यात कुणी मास्तर म्हटलं नव्हतं. रविवारी आला की माझ्याकडे जेवताना हेच सांगत बसायचा. मला काही कळायचं नाही, तरी मी वाढत वाढत ऐकायची.

एकदा त्यानं मॅडमना विचारलं होतं, ही लाट दिसत नाही, हाताला लागत नाही, मग चालते कशी? मॅडम म्हणाल्या, वीज हलली की तिच्याबरोबर चुंबक उठतं, चुंबक हललं की परत वीज उठते, असं एकमेकांना उठवत पुढं जातात. पद्दू म्हणाला, "म्हणजे मशीनची शिलाई. वरचा धागा खालच्याला धरतो, खालचा वरच्याला, आणि टाका पुढं जातो. एकटा धागा शिवतच नाही." मॅडमनी हातातला चहा खाली ठेवला म्हणे. "मास्तर, हे मला कॉलेजात कुणी असं सांगितलं असतं तर!"

दुसरी गोष्ट भोकांची. पद्दू म्हणायचा, अक्का, जाळीला लाखो भोकं आहेत, त्यातून वारा येतो, उजेड येतो, पण रेडिओ येत नाही. का, तर त्याची लाट लांब, त्या भोकात मावत नाही. तांब्यावर आपटली की तांब्यात वीज धावते आणि ती लाटेला परतवते. पण धावायला वाट सलग पाहिजे. मध्ये शिवण उसवली असेल तर वीज अडते, वळसा घालते, आणि तेवढ्यात लाट निसटते. चीर केसाएवढी अरुंद असली तरी चालत नाही, लांब असली की संपलं. "बटणाचं काज चालतं गं, उसवलेली बाही चालत नाही."

तीन महिने लागले त्याला. जाळीच्या कडा दुमडायच्या, एकीत एक अडकवायच्या, तांब्याच्या तारेनं टाके घालायचे आणि मग वरून सोल्डर फिरवायचा. टाका बसला का ते बघायला एक बझर होता, डबीएवढा, त्यात दोन सेल, दोन वायरी आणि नुसता वाजवून बघायला एक बटण. दोन्हीकडे वायर टेकवली आणि गर्रर वाजलं म्हणजे जोड पक्का. दाराला चारी बाजूंनी तांब्याचे दात होते, स्प्रिंगसारखे, दार लावलं की चौकटीला घट्ट बसायचे. ते दात रोज पुसायचं काम पद्दूचं.

आणि दर शनिवारी परीक्षा. वॉचमन नरसिंहचा ट्रान्झिस्टर घेऊन आत जायचं, दार ओढायचं, रेडिओ गप्प झाला तर खोली पास. नरसिंहला कन्नड नाटकाचा नाद. बाहेरून ओरडायचा, "ए शिंपी, ऐन भांडणात नाटक बंद पाडलंस! सासू काय म्हणाली आता कोण सांगणार?" आणि बाहेर अंगणात बझर वाजला तरी त्याच्या रेडिओत खरखर व्हायची, त्यावरून वेगळं भांडण.

दाराला आतून एक कडी होती. तिचा दांडा दारातून आरपार गेलेला, त्याच्या भोकातून लाट आत यायची. साहेब म्हणाले, काढा ती कडी. मॅडम म्हणाल्या, आत माणूस असतो सर, आतून उघडता आलंच पाहिजे. साहेब म्हणाले, टेस्ट होऊ द्या, मग वेगळी बसवू. पद्दूनंच कडी काढली आणि रुपयाएवढा पत्रा घालून ते भोक असं बुजवलं की बोट फिरवून कळायचं नाही. मला कौतुकानं सांगितलं होतं त्यानं.

टेस्ट घ्यायला दिल्लीहून लोक येणार होते. खोली पास झाली की पद्दूला कायम करणार, असा शब्द दिला होता. कायम झाला असता तर कारखान्याच्या कार्डावर बाबांना दवाखाना होता, आणि दिवसा एक बाई ठेवता आली असती त्यांच्याजवळ. मग कुलूप लागलं नसतं. त्याला तेवढंच पाहिजे होतं. बापाच्या दाराचं कुलूप काढायचं. सहा वर्षं ते कुलूप लावताना बाबा आतून विचारायचे, "कोण आहे रे? दुकान बंद का करतोयस?" आणि हा पायऱ्या उतरून बस पकडायला पळायचा, त्या बिनखिडकीच्या खोलीत दिवसभर बसायला. मला म्हणाला एकदा, अक्का, मी एका पेटीतून निघून दुसऱ्या पेटीत जातो, मधे फक्त बस.

चौऱ्याण्णव साल. आयुधपूजा, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची, गुरुवारी आली. सोमवारी टेस्ट. गुरुवारी सकाळी पूजा, मग चुरमुऱ्याची पुडी घेऊन सगळ्यांना सुट्टी, ती थेट सोमवारपर्यंत. सुनंदाबाई सकाळीच लेकीकडे मैसूरला गेल्या होत्या. जाताना पद्दूला सांगून गेल्या, आज ताट नाही हं. पद्दू म्हणाला, सरी, बरं, मी दीडपर्यंत येतो, आणि अक्का पण येणार आहे दुपारी.

हो. मी येणार होते. मी शब्द दिला होता. होळिगे, म्हणजे पुरणपोळी, घेऊन येते, बाबांना भरवते, म्हणाले होते.

कारखान्यात पूजा झाली. तिथली पद्धत, प्रत्येक यंत्राला हळदकुंकू, गंध, फूल. कुणीतरी भक्तीनं तांब्याच्या खोलीच्या दारालाही लावलं. वर नाही, थेट दातांवर. गंधाचे थर, त्यावर हळद, त्यावर तेलाचा हात. आता देवाचं म्हणून कुणाला बोलायचं? पण गंध वाळलं की दात टेकत नाहीत. सोमवारी टेस्ट, आणि मधे कारखाना बंद. सगळे चुरमुरे घेऊन निघाले, पद्दू मागं राहिला. ओल्या फडक्यानं एकेक दात पुसला. पुसून झाल्यावर दार आतून ओढून घेतलं, कडेनं कुठं उजेडाची रेघ दिसते का बघायला. दिसली नाही. अगदी पक्कं बसलं होतं.

बाहेर रत्नाकर सुपरवायझर शेवटची फेरी मारत होता. त्याला दार लावलेलं दिसलं. त्यानं बाहेरचा दांडा खाली दाबला, कुलूप घातलं, मेन स्विच बंद केला आणि गेला. हाक मारली की नाही देव जाणे. शेजारच्या कारखान्यात लाउडस्पीकरवर गाणी इतकी मोठ्यानं चालली होती की मारली असती तरी ऐकू आली नसती.

पद्दू आत ओरडला, दारावर धक्के मारले. लाउडस्पीकर चालूच. त्यानं दारावर बोट फिरवलं, जिथं कडी होती तिथं. गुळगुळीत.

वर एक झरोका होता, गज लावलेला, आतून जाळी. त्यातून चाळणीतून पिठासारखा उजेड यायचा. वारा यायचा. म्हणजे गुदमरणार नव्हता तो. पुडीत चुरमुरे होते, बाटलीत पाणी होतं. तीन दिवस काढले असते त्यानं. खोली तशीच राहिली असती, सोमवारी पास झाली असती, हा कायम झाला असता.

पण खिशात घराची किल्ली होती.

बाबांजवळ एक लोटा पाणी. मडकं त्यांच्या हातून सारखं कलंडायचं म्हणून सकाळी रिकामं करून उपडं ठेवलं होतं, दीडला येणारच आहे म्हणून. घरात दिवसभरात कुणी डोकावणारं नाही. आणि दुसरी किल्ली माझ्याकडे.

तो मला पुढं म्हणाला, "तासभर मी काही केलं नाही, अक्का. बसून राहिलो. म्हटलं तू येशील. कुलूप उघडशील. मी नाही आलो बघून रागावशील, बाबांना भरवशील, घेऊन जाशील. नुसतं बसायचं होतं मला."

त्या वेळेला मी काय करत होते? यजमानांनी स्कूटर घेतली होती नवी. तिची पूजा. चाकाखाली लिंबू ठेवलं, सासरची माणसं जमली, फोटो काढले. मग पंगत. नणंद म्हणाली, आता कुठं जातेस, मार्केटला काय गर्दी असेल आज. मी म्हटलं खरंच, उद्या जाईन. होळिगे डब्यात भरून ठेवली. किल्ली कपाटात होती, खिळ्याला. मी निघाले पण नव्हते.

पद्दू उठला तो तीनच्या सुमाराला. झरोक्यात चढायला टेबल लावलं. झरोक्याच्या जाळीची शिवण त्याची स्वतःची, पूर्ण खोलीत सगळ्यात अवघड, कोपरा वळवून घातलेली. कुठला टाका पहिला सोडला की पुढचे सुटतात ते त्यालाच ठाऊक. नुसती बोटभर फट चालली नसती. बाहेर गजांना सीरियल लाइटची माळ बांधली होती पूजेची, ती तिथून अंगणावरून थेट गेटाजवळच्या लिंबाच्या झाडापर्यंत गेलेली, जिथं नरसिंह रेडिओ घेऊन बसायचा. तिला हात पोचायला कोपरापर्यंत हात बाहेर जायला हवा होता. म्हणजे कोपराएवढी चीर. म्हणजे उसवलेली बाही.

बाबांच्या कात्रीनं त्यानं आधी सोल्डर खरवडला, मग टाके कापले. म्हणाला, रडलो नाही, हात पण कापला नाही, उलट इतकी सरळ उसवली की बाबांनी शाबासकी दिली असती.

हात बाहेर घालून टाक्याची तांब्याची तार माळेवर, एका बल्बचा जोड उघडा होता तिथं अडकवली. दुसरं टोक खोलीतच ठेवलेल्या बझरला. बझरची दुसरी वायर जाळीला. आणि बटण दाबलं. लांब, लांब, थांब. लांब, लांब, थांब.

पुढचं नरसिंहनं सांगितलं. परवा दहाव्याला आला होता, म्हातारा झालाय, काठी घेऊन. तो लिंबाखाली बसला होता, लाउडस्पीकरच्या त्रासानं ट्रान्झिस्टर अगदी कानाला लावून. नाटक चालू, आणि गर्रर, गर्रर. त्यानं रेडिओला चापट मारली. सेल काढून घासले. उठून गेटाबाहेर गेला, तर खरखर बंद. परत झाडाखाली आला, की चालू. "मी तोंडानं शिवी दिली हो अक्का, हा शिंपी सणाच्या दिवशी पण माझं नाटक बिघडवतो. आणि शिवी देता देता थांबलो. म्हटलं, शिंपी? आज? कारखाना बंद आहे ना?"

माळेच्या खालून चालत चालत तो झरोक्यापर्यंत आला. वर गजांतून एक हात बाहेर लोंबत होता.

नरसिंहकडे त्या खोलीची दुसरी किल्ली होती. दार उघडलं तेव्हा पाच वाजले होते. पद्दू थांबला नाही, पाणी पण प्यायला नाही, चुरमुऱ्याची पुडी घेऊन पळाला. पीण्याहून मॅजेस्टिक बसस्टँड, तिथून दुसरी बस. बसला केळीचे खांब बांधलेले, झेंडूच्या माळा, आणि सगळी बस आनंदात. हा उभा.

घरी पोचला तर दाराखालच्या फटीतून चार बोटं बाहेर आली होती. बाबा आत जमिनीवर आडवे, गाल फरशीला लावून. लोटा पालथा. कुलूप उघडलं तर म्हणाले, "किती वेळ! गिऱ्हाईक येऊन गेलं." ओठ फाटले होते. पद्दूनं चमच्यानं पाणी पाजलं, चुरमुरे भिजवून भरवले.

मी शुक्रवारी दुपारी गेले. होळिगे घेऊन. त्यानं सगळं सांगितलं, तिथंच, बाबांच्या पायाशी बसून. आणि वर म्हणाला, "काल बस मिळाली नसेल ना तुला? सण होता." मी म्हटलं, हो रे. नाही मिळाली.

पाच वर्षं झाली ह्या दोन शब्दांना.

सोमवारी सकाळी त्यानं भार्गवी मॅडमना स्वतः जाऊन सांगितलं. मॅडम आधी पांढऱ्या पडल्या, मग साहेबांकडे जाऊन भांडल्या म्हणे, कडी असती तर हे झालंच नसतं. पण दिल्लीचे लोक येऊन बसलेले. मोजलं. दाराशी पास, तिन्ही भिंती पास, झरोक्याची भिंत नापास. एका कोपराएवढ्या चिरेनं. साहेब म्हणाले, जो माणूस खोली फाडतो त्याला कायम कसं करायचं? मॅडम म्हणाल्या, ज्यानं शिवली त्यानंच उसवली सर, आणि परत तोच शिवेल. शिवलीच त्यानं. महिनाभरानं खोली पास झाली. कायमच्या यादीत त्याचं नाव आलं नाही. ते परत कधीच आलं नाही.

एक झालं. आतून नवी कडी बसली. लाट न येईल अशी, मॅडमनी कागदावर काढून दिली आणि पद्दूनं बसवली. वर्षभरात मॅडम दुसरीकडे गेल्या. जाताना त्याला म्हणाल्या, "मास्तर, चला तुम्ही पण." हा म्हणाला, "बाबांना कुठं ठेवू?" पुढच्या आषाढात बाबा गेले. तोवर रोज कुलूप लागलं. आणि बाबा गेल्यावर पण पद्दू त्याच खोलीत, त्याच रोजंदारीवर. मी म्हणायची सोड, काहीतरी दुसरं कर. तो म्हणायचा, सवय झाली गं.

गेल्या वर्षी डोकं दुखायला लागलं. मग डोळ्यांना दोन दोन दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले, मोठं स्कॅनिंग करा. तिथं गेलो. आत नेताना पद्दू दारातच थांबला. दाराच्या कडेवर बोट फिरवलं. तांब्याचे दात. माझ्याकडे बघून हसला, "अक्का, इथं पण हेच." मग आतल्या माणसाला विचारलं, "आतून कडी आहे ना?"

तो म्हणाला, कडी कशाला, हे घ्या. त्याच्या हातात एक रबरी फुगा दिला, वायर लावलेला. "भीती वाटली तर दाबा, बाहेर आम्हाला वाजेल."

"बझर दिला गं," पद्दू म्हणाला. आणि हळूच, "तू कुठं जाऊ नको."

मी गेले नाही. पाऊण तास त्या दारासमोर उभी होते. बसा म्हणाले, बसले नाही. पाणी पण प्यायले नाही. आतून ठक ठक आवाज येत होते आणि मी दाराच्या कडेकडे बघत होते, कुठं रेघ दिसते का.

बाहेर आला तेव्हा घामाघूम झाला होता. त्याला बाकावर बसवलं आणि मला राहवेना. म्हटलं, "पद्दू, त्या दिवशी मी निघालेच नव्हते रे. बस वगैरे काही नाही. स्कूटरची पूजा होती."

तो चप्पल घालत होता. वर बघितलं नाही. म्हणाला, "ठाऊक आहे. दुसरी किल्ली तुझ्याकडे म्हणून तासभर बसलो. तू येणार नाहीस वाटलं म्हणून उठलो. नाहीतर तीन दिवस बसलो असतो आणि बाबा गेले असते." मग म्हणाला, "बरं झालं ना, एवढी तरी ओळख होती मला तुझी." आणि हसला, त्याचं ते दात न दाखवता हसणं. "चल, कॉफी पाज."

कॉफी पाजली. सहा महिन्यांनी तो गेला.

काल काव्यानं माझं कपाट आवरताना किल्ली काढली. आई, ही कशाची? मी सांगितलं, आजोबांच्या दाराची. ती म्हणाली, ही तर नवी कोरी दिसते.

हो गं. ती त्या कुलपात एकदाही घातली नव्हती.